बारा तासांचा कायदा

डिसेंबर १८९६. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांची सायकल शर्यत चालू होती. सुरा घेऊन कुणीतरी आपला पाठलाग करते आहे, असे १८ वर्षांचा मेजर टेलर सांगू लागला. मागे कुणीच नव्हते. जागरणाने त्याला भास होत होते. पुढे जगज्जेता झालेला हा कृष्णवर्णीय सायकलपटू १,७३२ मैल तोडून त्या शर्यतीत आठवा आला.

शर्यत सहाच दिवसांची का, याचे उत्तर एका निर्बंधात आहे. रविवारी जाहीर खेळ चालत नसत. म्हणून सोमवारच्या पहिल्या प्रहरापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत जेवढे तास मिळतील तेवढे वापरायचे. जो कमी झोपेल तो पुढे जाई. शेवटच्या दिवसांत स्वार कोलमडू लागले की गर्दी वाढे. आपल्याकडेही गावच्या मैदानात दिवसेंदिवस सायकलवरून न उतरणारा माणूस आणि त्याच्या सदऱ्याला नोटा टाचणारे गावकरी अनेकांनी पाहिले आहेत. त्या नोटांमागे कौतुक खरेच असे, पण हा माणूस झोपणार कधी, हे फारसे कुणी विचारत नसे.

१८९७ च्या शर्यतीत चार्ल्स मिलर या स्वाराने एकट्याने २,०९३ मैल तोडले. वृत्तपत्रांनी या शर्यतींवर क्रूरतेचा ठपका ठेवला आणि न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: कोणत्याही स्वाराने दिवसाच्या २४ तासांत १२ तासांहून अधिक काळ शर्यतीत उतरायचे नाही. कायद्याने माणसाचे तास मोजले, शर्यतीचे नव्हे. आयोजकांनी तेवढी फट हेरली आणि दोघादोघांच्या जोड्या उतरवल्या. एक विसावा घेई तेव्हा दुसरा धावपट्टीवर असे. शर्यत रात्रंदिवस चालूच राहिली, तिकिटेही खपत राहिली. १८९९ मध्ये मिलर आणि फ्रँक वॉलर यांच्या जोडीने २,७३३ मैल तोडले. म्हणजे एकूण अंतर वाढले, पण प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १,३६७ मैलच आले.

आयोजकांचा हेतू गल्ला राखण्याचा होता, तरीही हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. त्याने खेळाडूची झोप परत मिळवून दिली आणि त्याची रोजीरोटीही हिरावली नाही. जोडीदाराला हाताने पुढे झोकून देण्याची मॅडिसन शर्यत याच तडजोडीतून घडली. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्येही ती आली.

दिवसेंदिवस न थांबता नाचत राहण्याच्या नृत्यस्पर्धाही अमेरिकेत होत. त्यांच्या वाट्याला मात्र बंदी आली. १९२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ८७ तास नाचून एक तरुण कोसळला आणि मरण पावला. १९२८ मध्ये सिएटल शहराने या स्पर्धांवर बंदी घातली, १९३७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने. मधल्या काळात महामंदी आली होती. बक्षीस मिळो न मिळो, स्पर्धा चालू असेपर्यंत जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळते, म्हणून कित्येक बेकार तरुण-तरुणी आठवडेच्या आठवडे पाय ओढत राहत. बंदीसाठी धर्मसंस्थांइतकाच जोर सिनेमागृहांच्या मालकांनीही लावला होता, कारण त्यांचा प्रेक्षक तिकडे वळत होता. सायकलस्वारांना कायद्याने विश्रांती दिली आणि खेळात राहू दिले. नाचणाऱ्यांना मात्र सरळ दाराबाहेर काढले, आणि ती माणसे तर जेवणासाठीच आत आली होती.