झोपेत मिटणारा घसा

घोरणारा मनुष्य गाढ झोपलेला असतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, घोरणे मधूनच थांबले तर घरच्यांना हायसेच वाटते. वस्तुतः त्या दहा-वीस किंवा त्याहून अधिक सेकंदांत छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात आणि हवा मात्र कंठाखाली उतरत नसते. ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ तो हाच.

नाकाला हाडांचा व कूर्चेचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा. मधल्या घशाला मात्र, गिळणे आणि बोलणे ही दोन्ही कामे करावयाची असल्यामुळे, मऊच राहणे प्राप्त आहे. श्वासपटल खाली सरकून घशात ऋण दाब उत्पन्न होताच जिभेला पुढे ओढणारा स्नायू ताठ होतो, आणि हा बंदोबस्त इतका चोख असतो की, ज्याचा घसा जन्मतःच अरुंद आहे त्यालाही दिवसा त्याची वार्ता नसते. झोपेचा अंमल चढला की हा पहारा ढिला पडतो. त्यात उताणे निजल्यास जीभ मागे कलते, फुप्फुसे आकुंचून घशावरचा खालचा ताण सैल होतो, आणि मानेतील चरबीचा भार तर असतोच.

यापुढचा भाग तर्काला चकवणारा आहे. मऊ भिंतींच्या नळीतून जाणारा प्रवाह एका मर्यादेपुढे खालच्या ओढीला जुमानत नाही; नाकाजवळचा दाब आणि ज्या दाबाला नळी मिटते तो दाब, यांतील अंतरच तो ठरवते. पायथ्याचा डोह कितीही खोल खणला तरी कड्यावरून पडणारे पाणी वाढत नाही, तसाच हा प्रकार. छातीने जोर वाढवला तरी हवा वाढत नाही, भिंती तेवढ्या थरथरतात, आणि त्या थरथरीलाच आपण घोरणे म्हणतो. निरोगी घसा मिटण्यास वातावरणाहून सुमारे दहा सेंटिमीटर पाण्याइतका वा त्याहूनही कमी दाब लागतो. तीव्र रोग्याचा घसा वातावरणाच्याच दाबाला मिटतो. मग रक्तातील प्राणवायू उतरतो, कर्बवायू चढतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो आणि पुन्हा निजतो. तासाला तीस वेळा असे घडूनही सकाळी रोग्याला बहुधा काहीच आठवत नाही. साक्ष द्यायला शेजारी निजणारेच हवे!

पूर्वी तीव्र रोग्याच्या गळ्याला छिद्र पाडण्यावाचून फारशी तजवीज नव्हती. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सहकाऱ्यांसह नाकावाटे सतत दाबाची हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. हे ‘सीपॅप’ यंत्र श्वास आत ढकलते, असा अनेकांचा ग्रह आहे. श्वास रोगी स्वतःच घेतो, यंत्र फक्त घशातील दाब मिटण्याच्या दाबाहून वर राखते. घशाची मूळ रचना मात्र त्याने पालटत नाही, म्हणून मुखवटा रोज रात्री चढवावा लागतो.