इवागुमी: फिशटँकमधली दगडांची मांडणी

इवागुमी ही पाणवनस्पतींच्या फिशटँकमधली, केवळ दगडांच्या आधारे उभी राहणारी जपानी रचना. ती जगभर पोहोचवली छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. दगडांची संख्या बहुधा विषम असते: तीन, पाच, सात. सर्वांत मोठा तो ओयाइशी. त्याची उंची टाकीच्या साधारण दोन-तृतीयांश ठेवतात. जागा मात्र मधोमध नव्हे, एका बाजूपासून सुमारे एक-तृतीयांश अंतरावर.

सगळे दगड एकाच जातीचे हवेत, आणि त्यांच्या अंगावरच्या रेघा एकाच दिशेने झुकलेल्या हव्यात. प्रवाहाने झिजलेले नदीतले खडक असेच कललेले दिसतात. हे साधले नाही, तर कितीही सुंदर दगड असोत, टाकीत नुसता ढिगारा दिसतो. ओयाइशी मातीवर टेकवू नये, चांगला रोवावा. तरच तो तिथलाच वाटतो. समोर हेअरग्राससारखी बुटकी वनस्पती लावली की दगड आणखी भव्य भासतात.

सेइर्यूसारख्या दगडातला चुना पाण्याचा कठीणपणा वाढवतो. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर दगडात चुना आहे असे समजावे. मऊ पाण्यातले मासे ठेवायचे असतील, तर असा दगड टाळावा.