आजीला अंगणवाडीत बोलवा

सकाळी सात वाजले की वस्तीतल्या आया कामाला निघतात. कोणी धुणीभांडी करायला, कोणी बांधकामावर, कोणी कचरा वेचायला. मग लेकरू कोणाजवळ? आजी असेल तर आजीजवळ. नसेल तर चौथीतल्या ताईजवळ, आणि ताईची शाळा बुडते. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. आईचा दिवस संध्याकाळपर्यंत चालतो.

नवीन नर्स होते तेव्हा मला आजी म्हणजे अडचण वाटायची. एका आजीने पंधरा दिवसांच्या बाळाला मधात गुटी चाटवली, म्हणून मी तिला सगळ्यांसमोर रागावले. ती पुन्हा लसीकरणाला आली नाही, सुनेलाही येऊ दिले नाही. शेवटी मीच तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "बाई, सात लेकरं वाढवली मी. मला कुणी कधी विचारलं का?" चूक माझी होती. सांगायचे ते बरोबर होते, पण मान दिला नव्हता.

सेनेगल या आफ्रिकी देशात काही गावांत बाळाच्या आहाराबद्दल आज्यांसोबतच बैठका घेतल्या. त्यांच्या अनुभवाला मान दिला, गाणी आणि गोष्टींतून नवी माहिती दिली. मग आज्यांनीच आपले जुने सल्ले बदलले. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजणाऱ्या आया तिथे वाढल्या. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या वस्तीतही हे जमेल. महिला मंडळाने अंगणवाडी सेविकाताईंशी बोलावे. चार-सहा आज्यांनी पाळी लावून, दोघी-दोघींनी यावे. "आम्हाला लिहिता-वाचता येत नाही," असे त्या म्हणतील. पण गोष्ट सांगणे, पाळणा किंवा भीमगीत म्हणणे, वाट्या मोजणे, भाजी निवडताना रंग ओळखायला लावणे हेच लहान मुलाचे शिक्षण आहे. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाकडून. मोबाईल त्याला उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही नकोच.

आज्यांना एवढे नक्की सांगा:

• पहिले ६ महिने फक्त आईचे दूध. पाणी नाही, गुटी नाही. मध तर वर्षभर नाही.
• ६ महिने पूर्ण झाले की मऊ वरण-भात सुरू करा, दूधही चालू ठेवा.
• शेंगदाणे, फुटाणे, नाणी लहान मुलाच्या हाती देऊ नका. घशात अडकतात.
• जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा काही पीत नसेल तर लगेच दवाखाना.

मात्र सगळा भार आजीवर टाकू नका. तिचे गुडघे दुखतात. तिला बसायला खुर्ची द्या, तिचे बीपी आणि शुगर तपासून घ्या. मंडळाला जमेल तसे मानधन द्या. केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय आहे. आपल्या भागात ती कधी सुरू होणार, हे सेविकाताई आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना मंडळाच्या लेखी अर्जाने विचारा.

येत्या बैठकीला आज्यांना बोलवा, त्यांना पुढे बसवा आणि आधी त्यांचे ऐका. लेकराला सोबत मिळेल, आणि चौथीतली ताई सोमवारी शाळेत जाईल.

जयभीम.