तळघरातली तीस पायांची शिकारीण

न्यूजर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात घर केलेल्या मराठी कुटुंबांची तळघरात तिच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. दिवा लावला की लांबलचक पायांची एक गोम भिंतीवरून सळसळत निघून जाते. हात लगेच चपलेकडे जातो. तो आवरावा, असं मला मनापासून वाटतं.

'स्क्युटिजेरा कोलिऑप्ट्राटा' हे तिचं शास्त्रीय नाव. ती मूळची भूमध्य समुद्राकाठची. लिनियसने १७५८ मध्ये तिचं वर्णन केलं आणि १८४९ मध्ये ती पेनसिल्व्हेनियात आढळली. धड इंच-सव्वा इंचाचं, पण पायांच्या पंधरा जोड्यांमुळे ती कितीतरी मोठी दिसते. अंड्यातून निघते तेव्हा चारच जोड्या असतात. बाकीच्या कात टाकता टाकता येतात.

तिची शिकार बघण्यासारखी असते. सेकंदाला सुमारे चाळीस सेंटिमीटर वेगाने ती सावजावर झडप घालते आणि पायांचा फास टाकून ते जखडते. विष टोचणारे आकडे डोक्याखाली असतात. मुळात तेही पायच, उत्क्रांतीत बदललेले. एक किडा खाताना दुसरा पायांत धरून ठेवणंही तिला जमतं. झुरळांची पिल्लं, पुस्तकं कुरतडणारी कसर, वाळवी, ढेकूण, कोळी, सगळं तिला चालतं. आपल्या अन्नाला, लाकडाला, कपड्यांना मात्र ती तोंड लावत नाही. माणसाला ती क्वचितच चावते.

आपल्याकडची घोण वेगळी. तिचा दंश फार वेदना देतो, तिच्यापासून लांबच राहावं.

स्क्युटिजेरा झुरळांचा बुजबुजाट एकटीने संपवेल, अशी आशा धरू नये. पण ती वरचेवर दिसू लागली, तर घरात ओल आहे आणि किडेही आहेत, एवढं नक्की समजावं. तिच्या कातडीवर मेणाचा थर नसतो, त्यामुळे कोरड्या हवेत ती सुकते. गळका नळ दुरुस्त केला, तळघर कोरडं ठेवलं, की ती आपोआप कमी होते. फवारणीने ती मरेलही, पण ओल तशीच राहते आणि ओलीला येणारे किडेही.

झोपायच्या खोलीत ती नकोच असेल, तर तिच्यावर पेला उपडा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि तळघरात नेऊन सोडावं. पाय मात्र चिमटू नयेत. अडकलेला पाय ती तोडून टाकते, आणि तो पुन्हा फुटायला पुढची कात टाकेपर्यंत वेळ जातो.