जहाजावरच्यांना सांगायचं की नाही?

२३ जानेवारी २००३. कोलंबिया यान अवकाशात जाऊन आठवडा झाला होता. कमांडर रिक हसबंड आणि वैमानिक विल्यम मकूल यांना ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून एक ईमेल गेला. उड्डाणानंतर ८० सेकंदांच्या सुमारास इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला, तज्ज्ञांनी चित्रण पाहिलं आहे, असं याआधीच्या उड्डाणांतही घडलंय, परतीच्या प्रवासाच्या दृष्टीने काळजीचं कारण अजिबात नाही, असा त्याचा मथितार्थ. खरं तर हे मुद्दाम कळवण्याइतकंही मोठं नाही, पण मुलाखतीत एखाद्या पत्रकाराने विचारलंच तर तुम्ही अनभिज्ञ राहू नये म्हणून सांगतोय, असंही त्यात होतं. हसबंड यांनी आभार मानून उत्तर पाठवलं.

नऊ दिवसांनी, १ फेब्रुवारीला, त्याच डाव्या पंखाला पडलेल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि उतरायला १६ मिनिटं उरलेली असताना टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. कल्पना चावलासह सातही जण गेले. १ फेब्रुवारी २०२६ला त्याला २३ वर्षं पूर्ण झाली.

तो स्मृतिदिन वेगळ्या वातावरणात आला. चार जणांना चंद्राला वळसा घालून आणणारं नासाचं आर्टेमिस-२ तेव्हा उड्डाणाच्या उंबरठ्यावर होतं, आणि त्याच्या उष्णतारोधक कवचावरून वाद पेटला होता. कवच टिकेल की नाही, यावर बरंच लिहून आलं. मला त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. जीवघेण्या धोक्याची शंका आली, तर ती जहाजावरच्यांना सांगायची की नाही? आणि हे ठरवायचं कोणी?

कोलंबसाची दोन गणितं

हा प्रश्न अवकाशयुगाच्या कितीतरी आधीचा आहे. १४९२च्या सप्टेंबरात अटलांटिकमध्ये शिरल्यावर कोलंबसाने अंतराचे दोन हिशेब ठेवले. एक स्वतःसाठी, दुसरा खलाशांना सांगण्यासाठी, कमी अंतराचा. घरापासून आपण किती लांब आलोय हे कळलं तर माणसं बिथरतील, ही त्याची भीती. ही हकिकत बार्तोलोमे दे लास कासास याने केलेल्या रोजनिशीच्या गोषवाऱ्यातून आपल्यापर्यंत आली आहे. १७ सप्टेंबरला त्याहून बाका प्रसंग आला. होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्याची दिशा सोडून वायव्येला कलल्याचं सुकाणू सांभाळणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. कोलंबसाने त्यांना पहाटे पुन्हा मोजमाप घ्यायला लावलं. तेव्हा सुई बरोबर दिसली. सुई पक्की आहे, तारा हलतो, असं त्याने सांगितलं. माणसं शांत झाली. पण ती शांतता तात्पुरती होती. १० ऑक्टोबरपर्यंत खलाशी पुढे जायला तयार नव्हते. दोन दिवसांनी जमीन दिसली नसती, तर कोलंबसाचं काय झालं असतं, ते सांगता येत नाही.

कप्तानाने लपवावं ते सगळ्यांच्या भल्यासाठी, अशी कल्पना तिथपासून चालत आली आहे. विज्ञानकथांनाही ती भुरळ घालते. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये मोहिमेचा खरा हेतू जागं राहून यान चालवणाऱ्या दोघांपासून लपवलेला असतो आणि तो ठाऊक असतो यानाच्या संगणकाला, हॅलला. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’च्या १९९८च्या एका भागात तर केवळ कप्तानांना आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक असलेल्या विनाशकारी कणाचं गुपित आहे. कॅप्टन जेनवे ते आधी एकटीने पेलू पाहते आणि अखेर आपल्या अधिकाऱ्यांना विश्वासात घेते. प्रत्यक्षातल्या अवकाशमोहिमांचं वेगळेपण असं, की तिथे अंधारात राहिला तो बहुतेक वेळा कप्तानच.

‘धडधड आवाज येतोय का?’

२० फेब्रुवारी १९६२. जॉन ग्लेन ‘फ्रेंडशिप-७’मधून पृथ्वीला प्रदक्षिणा घालत होते. जमिनीवर एक संकेत उमटला. कुपीचं उष्णतारोधक कवच सैल झालं असावं, असा त्याचा अर्थ होता. कवच निघालं तर ग्लेन जळून जाणार होते. नियंत्रकांनी त्यांना हे सांगितलं नाही. मार्गावरच्या एकेका केंद्रातून तुटक प्रश्न मात्र येऊ लागले. अमुक बटण बंद आहे ना, कुठे धडधड आवाज येतोय का. ग्लेन लढाऊ विमानं चालवलेला माणूस. पाणी कुठे मुरतंय, याचा अंदाज त्यांना आलाच. हवाईच्या केंद्राने तो संकेत कानावर घातला तेव्हा तिसरी प्रदक्षिणा संपत आली होती. पुढे त्यांना वेग कमी करणाऱ्या रॉकेटांचा संच न सोडता तसाच ठेवायला सांगितलं गेलं. त्याच्या पट्ट्यांनी कवच जागेवर राहील, असा हिशेब होता. पण तेव्हाही कारण लगेच दिलं नाही. वातावरणात शिरताना खिडकीबाहेरून पेटलेले तुकडे जाताना ग्लेन यांनी पाहिले. ते त्या रॉकेट-संचाचे होते, पण कवचच सुटतंय की काय, हे त्यांना तेव्हा कसं कळावं? संकेत खोटा होता, दोष एका स्विचमध्ये होता. परतल्यावर ग्लेन यांनी आपलं म्हणणं स्पष्ट मांडलं: यान चालवणाऱ्याला सगळं कळलंच पाहिजे.

तरी १९६९मध्ये अपोलो-१२च्या वेळी तेच घडलं. उड्डाणानंतर मिनिटाभरात रॉकेटवर दोनदा वीज पडली. हवाई छत्र्या उघडणारे स्फोटक त्यामुळे निकामी झाले असतील का, ही शंका जमिनीवरच्यांना आली. तपासायची सोय नव्हती. छत्र्या उघडणार नसतील तर मोहीम आज थांबवली काय नि चंद्रावर जाऊन आल्यावर संपली काय, शेवट एकच. मग सांगून काय उपयोग? पीट कॉनरॅड आणि त्यांचे दोघे सहकारी ही शंका न कळताच चंद्रावर जाऊन आले. छत्र्या उघडल्या. सगळं सुखरूप झालं, म्हणून त्या युक्तिवादाची उलटतपासणी झाली नाही. ती ३४ वर्षांनी झाली, फार मोठी किंमत मोजून.

हूट गिब्सन यांचा काटा

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो रॉबर्ट ‘हूट’ गिब्सन यांचा प्रसंग. डिसेंबर १९८८. चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेनंतरचं हे दुसरंच शटल उड्डाण. ॲटलांटिस यान, पाच जणांचा चमू आणि लष्करी, गोपनीय मोहीम. चढताना उजव्या बाजूच्या बूस्टरच्या टोकावरचं आवरण निखळून यानावर आदळलं. जमिनीवरून सूचना आल्यावर चमूने रोबो-हाताच्या टोकाचा कॅमेरा पोटाकडे वळवला. उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या काळ्या टाइल्सवर पांढरे ओरखडे, शेकड्यांनी. आपण वाचत नाही, असं गिब्सन यांचं मत झालं.

त्यांनी ह्यूस्टनला कळवलं. पण मोहीम गोपनीय, त्यामुळे चित्रण सांकेतिक स्वरूपात, संथ वाहिनीवरून पाठवावं लागलं. खाली पोहोचलं ते धूसर. तज्ज्ञ म्हणाले, हा उजेड-सावलीचा खेळ दिसतोय, नुकसान नेहमीएवढंच आहे. वर डोळ्यांनी पाहणारा कप्तान एक सांगतोय, खाली धूसर चित्र बघणारे दुसरं, आणि निर्णय खालच्यांचा. चमूचा जमिनीवरचा विश्वास उडाला. आपसातला मात्र घट्ट राहिला, कारण गिब्सन यांनी सहकाऱ्यांपासून काहीच लपवलं नाही. सगळ्यांनी पडद्यावर एकच चित्र पाहिलं होतं. मरायचंच असेल तर ताणाखाली कशाला, अशा शब्दांत त्यांनी सगळ्यांना मोकळं केलं.

परतताना त्यांनी एकाच मापकावर नजर रोखली. पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्यांची स्थिती तो दाखवतो. उजव्या पंखाच्या टाइल्स जळू लागल्या, तर त्या बाजूला हवेचा रोध वाढणार, यान तिकडे ओढलं जाणार आणि ते सावरायला स्वयंचलित यंत्रणा पट्ट्या हलवणार. काटा सरकला, की आपल्या हाती मिनिटभर आहे, हे त्यांनी धरलं होतं. तेवढ्या वेळात ह्यूस्टनच्या विश्लेषणाबद्दल आपलं मत त्यांना ऐकवायचं, एवढंच काम उरणार होतं. काटा सरकला नाही. उतरल्यावर मोजलं तर ७००हून अधिक टाइल्सना इजा झाली होती आणि एक पूर्ण गायब होती. नेमकी तिच्या जागी अँटेनाची जाड धातूची पट्टी होती, तिने आगीला आत येऊ दिलं नाही. कोलंबियाच्या अखेरच्या मिनिटांत हीच यंत्रणा डाव्या बाजूचा वाढता रोध सावरायला धडपडत होती. तपासकर्त्यांना त्या नोंदी सापडल्या.

‘माहीत नसलेलंच बरं’

कोलंबियाच्या वेळी शंका आली नव्हती असं नाही. दुसऱ्याच दिवशी चित्रण पाहून अभियंते अस्वस्थ झाले होते. रॉडनी रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लष्करी दुर्बिणींतून किंवा उपग्रहांतून पंखाची छायाचित्रं हवी होती. दुर्घटनेनंतर नेमलेल्या चौकशी मंडळाला अशा तीन विनंत्या आढळल्या. एकीलाही वाट मिळाली नाही. रोशा यांनी एक कडक ईमेल लिहिला, पण वरिष्ठांना ओलांडून तो पाठवला मात्र नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट दहा वर्षांनी, २०१३मध्ये, उजेडात आली. पुढे स्पेस शटल कार्यक्रमाचे प्रमुख झालेले वेन हेल यांनी ती लिहिली. मोहीम-संचालन विभागाचे प्रमुख जॉन हारपोल्ड यांनी तेव्हा त्यांना विचारलं होतं: कवचाला इजा झाली असेल तर आपण काहीच करू शकत नाही. मग न कळलेलंच बरं नाही का? हवा संपेपर्यंत मरणाची वाट बघत घिरट्या घालण्यापेक्षा, मोहीम छान झाली या आनंदात परतताना अचानक मरण आलेलं चमूला आवडणार नाही का? हेल यांनी हे लिहिताना हारपोल्ड यांना खलनायक केलेलं नाही. हारपोल्ड हुशार होते, आपल्या माणसांवर माया करणारे होते. म्हणूनच हा युक्तिवाद भयंकर आहे. तो क्रूरपणातून आलेला नाही, कळकळीतून आलेला आहे, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर पटतोही.

पण तो चुकीच्या पायावर उभा आहे. ‘काहीच करू शकत नाही’ हे कोणी तपासलं होतं? चौकशी मंडळाने नंतर नासालाच ते तपासायला लावलं. उत्तर आलं: हालचाली कमी करून, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्या पुरवून वापरल्या असत्या तर कोलंबियातले सात जण १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरू शकले असते. मार्चमधल्या उड्डाणासाठी ॲटलांटिसची तयारी चालूच होती. दिवसरात्र काम करून ते १० फेब्रुवारीपर्यंत सोडता आलं असतं. जोखीम प्रचंड होती, यश हमखास नव्हतं. तरीही वाट होती. ती कोणी शोधली नाही, कारण शोधण्यासाठी आधी धोका मान्य करावा लागला असता.

लपवण्याचा खरा तोटा हाच. सांगायचं नाही असं ठरलं, की तपासायचं कारणच उरत नाही. चमूचं मन शांत राहावं म्हणून, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात शांतता मिळते ती निर्णय घेणाऱ्यांना.

एक अपवाद, आणि पुढची वाट

१९७७-७८मध्ये सोव्हिएत ‘सॅल्युत-६’ स्थानकावर युरी रोमानेन्को आणि गेऑर्गी ग्रेच्को ९६ दिवस राहिले. त्या काळात ग्रेच्कोंचे वडील वारले. कमांडर रोमानेन्कोंना ते कळलं होतं. त्यांनी ते मनात ठेवलं आणि पृथ्वीवर परतल्यावरच सहकाऱ्याला सांगितलं. या मौनाला मी दोष देणार नाही. त्या बातमीवर वर राहून काही करण्यासारखं नव्हतं आणि लपवल्याने कोणाचा जीव धोक्यात येत नव्हता. तरीही अशा वेळी काय हवंय, हे ज्याचं त्याला उड्डाणाआधी विचारून ठेवणं अधिक योग्य. यानाच्या सुरक्षिततेची गोष्ट वेगळी. तिथे माहिती ही चमूच्या हक्काची आहे.

मंगळाच्या वाटेवर हा प्रश्न आणखी टोकदार होईल. तिथून पृथ्वीवर संदेश पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. गिब्सन यांच्या हातचं एक मिनिट तिथे ह्यूस्टनला कळायच्या आत संपलेलं असेल. निर्णय यानावरच घ्यावा लागेल, आणि अर्धवट माहितीवर तो घेणाऱ्या कप्तानावर चमू विश्वास कसा ठेवेल?

आर्टेमिसच्या बाबतीत एक गोष्ट आश्वासक होती, एक नव्हती. २०२२च्या मानवरहित उड्डाणात कवचाचा जळका थर १००हून अधिक ठिकाणी उडाल्याचं छायाचित्रांसह लोकांसमोर आलं ते मे २०२४मध्ये, नासाच्या महानिरीक्षकांच्या अहवालामुळे. हा उशीर वाईटच. पण आर्टेमिस-२चे कमांडर रीड वाइजमन आणि त्यांचे सहकारी अंधारात नव्हते. डिसेंबर २०२४मध्ये कारण जाहीर झालं, तेव्हा वाइजमन त्या पत्रकार परिषदेत बसले होते. कवचात अडकलेल्या वायूंना बाहेर पडायला वाट नव्हती, आता कवच तेच ठेवून परतीचा मार्ग बदलला आहे, हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं गेलं. माजी अंतराळवीर चार्ली कमार्डा यांचा या निर्णयाला विरोध होता. कोलंबियानंतरच्या पहिल्याच शटल उड्डाणात ते होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं सहज झटकता येणार नाही. हा वाद चव्हाट्यावर चालला, हे मला त्या कवचाहून अधिक भरवशाचं वाटतं.

आपल्यासाठी हे परक्याचं प्रकरण नाही. जून २०२५मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांना नेणाऱ्या फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ती पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांच्या चमूने फ्लोरिडात धरला. उड्डाण लांबलं, २५ जूनला झालं आणि शुक्ला सुखरूप परतले. दुसऱ्याच्या रॉकेटबद्दल आपण असं बोलू शकलो. आता भारताच्या मानवी मोहिमेत, गगनयानमध्ये, रॉकेट आपलं, नियंत्रण कक्ष आपला आणि यानातली माणसंही आपली असतील. वरिष्ठांपुढे न बोलण्याची, वाईट बातमी दाबून ठेवण्याची सवय आपल्या कार्यालयांत किती मुरलेली आहे, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून गगनयानच्या उड्डाण-नियमावलीत दोन गोष्टी माणसं चढण्याआधी लेखी असाव्यात. जिवाला धोका असल्याची कोणतीही शंका, सिद्ध झालेली नसली तरी, कमांडरला तत्काळ कळवायची. आणि कनिष्ठातल्या कनिष्ठ अभियंत्याला ती शंका थेट उड्डाण संचालकापर्यंत नेण्याचा अधिकार असायचा. हे नियम करायला पैसा लागत नाही, नवं तंत्रज्ञान लागत नाही. इस्रोने ते करावेत आणि केल्याचं जाहीरपणे सांगावं.