‘करून राहिलो’ आणि ‘शिते इरु’

एका सत्रासाठी जपानला गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा नगरपालिकेच्या खिडकीवर होते. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला जपानमध्ये निवासपत्र मिळतं. जुलै २०१२ पासून ही पद्धत आहे आणि नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर ते पत्र उतरल्या उतरल्या हातात पडतं. मुक्कामाचा पत्ता ठरला की चौदा दिवसांच्या आत तो नगरपालिकेत जाऊन त्या पत्रामागे नोंदवून घ्यायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्यविम्यात नाव घालायचं, म्हणजे पुढे दवाखान्याच्या बिलाचा तीस टक्के वाटा तेवढा आपल्या खिशातून जातो. वय वीस पूर्ण असेल तर निवृत्तिवेतनाची वर्गणीही लागू होते आणि विद्यार्थी म्हणून ती लांबणीवर टाकायचा अर्जही तिथेच करावा लागतो. जुनी सायकल घेतली तर चोरीविरोधी नोंदणी करावी लागते. मग कचरा. जळणारा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या वारी, बाटल्या धुऊन आणि झाकणं काढून कधी ठेवायच्या, याचा तक्ता प्रत्येक गावाचा वेगळा असतो. वर्गातला तास बहुतेक ठिकाणी नव्वद मिनिटांचा आणि आठवड्याला असे दहा-बारा. बाकीचा सगळा वेळ हा असला व्यवहार शिकण्यात जातो.

माझं म्हणणं असं की जपानमधल्या सत्राचं खरं शिक्षण या बाकीच्या वेळात होतं. पर्यटकाला जपान दिसतो, पण विद्यार्थी तिथला तात्पुरता रहिवासी होतो आणि रहिवासी होणं हे भाषेशिवाय जमत नाही. हे कुणालाही मान्य होईल. त्यापुढचं म्हणणं मात्र सहज मान्य होणार नाही. मराठी मुलाला, त्यातही बालाघाट-गोंदिया पट्ट्यातल्या मुलाला, ही भाषा समजली जाते तितकी परकी नाही. तिथवर तो पोहोचत नाही याचं कारण त्याच्या कुवतीत नाही, दुसरीकडे आहे.

आधी आकडे पाहू. जपान सरकारने २००८ मध्ये तीन लाख परदेशी विद्यार्थ्यांचं उद्दिष्ट ठरवलं आणि २०१९ मध्ये ते गाठलं. मे २०२४ च्या मोजणीत ही संख्या ३,३६,७०८ होती आणि आता २०३३ पर्यंत चार लाखांची भाषा चालू आहे. यात एकट्या नेपाळचे साठ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. एवढ्या मोठ्या भारताचे दोन हजारही नव्हते. नेपाळी मुलं श्रीमंत असतात असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्यातली बहुतेक भाषाशाळा आणि व्यवसायशाळांच्या वाटेने जातात, अनेक जण कर्ज काढून जातात, आणि त्या वाटेवर दलालांचे खड्डेही आहेत. ती वाट आदर्श आहे असं मला सुचवायचं नाही. पण एक गोष्ट तिने सिद्ध केली आहे. देवनागरीत शिकलेला, कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाने बोलणारा, छोट्या गावातला मुलगा जपानी शिकून तिथे दिवस काढू शकतो. हे एकदा-दोनदा नाही, हजारो वेळा घडलं आहे.

हा क्रम मुद्दाम सांगितला. मराठी वाक्य जसं क्रियापदावर येऊन टेकतं तसंच जपानी वाक्यही टेकतं. आपण नामाला ‘ने’, ‘ला’, ‘त’ लावतो, तेही नामामागे छोटे प्रत्यय लावतात. पण खरी गंमत जोडक्रियापदांत आहे. ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन पाहणे’, आणि अर्थही तोच, चव घेऊन बघणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’, पुढच्या सोयीसाठी आधीच. घरातून बाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, त्याचं भाषांतर ‘जाऊन येतो’ याखेरीज दुसरं होऊच शकत नाही. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे सारं समजावायला पानंच्या पानं लागतात. मराठी मुलाला एका ओळीत समजतं. ‘शिमाउ’ हे क्रियापद तर खास आहे. काही हातून निसटलं, नको ते झालं, की ते लागतं. उपाहारगृहात काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून कप फुटला तर ‘वारेमाशिता’, म्हणजे ‘फुटला’, एवढंच म्हणणं तिथे अंग झटकल्यासारखं वाटतं. ‘वात्ते शिमाइमाशिता’ म्हणावं लागतं. पाठ्यपुस्तकं त्याचा अर्थ पश्चात्तापदर्शक पूर्णता असा काहीसा जड देतात. मराठीत तो ‘फोडून बसलो’ असा दोन शब्दांत आहे, कबुली आणि हळहळ दोन्हींसकट.

आता बालाघाटच्या मुलाची जमेची बाजू. पुण्याची मराठी ‘तू काय करतो आहेस?’ म्हणते. नागपूरपासून पूर्वेकडे ‘काय करून राहिला?’ म्हणतात. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि नागपुरी बोलीच्या मुलखात त्यात बालाघाटचाही उल्लेख आहे. आजही वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूला मराठी, पोवारी आणि हिंदी एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. जपानीत तोच प्रश्न ‘नानि ओ शिते इरु?’ असा आहे. नानि म्हणजे काय, शिते म्हणजे करून, इरु म्हणजे असणे, राहणे. ‘काय करून राहिला?’ जिला शाळेत अशुद्ध म्हणून तांबड्या शाईने खोडलं जातं, ती रचना इथे प्रमाण मराठीपेक्षा जवळची निघते.

यावर भाषेचा जाणकार म्हणेल की हे साम्य वरवरचं आहे. शब्दसंग्रह एकमेकांना अनोळखी आहे, दैनंदिन वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत, आणि असली जोडक्रियापदं हिंदीत, तमिळमध्ये, कोरियनमध्येही सापडतात. आक्षेप बरोबर आहे आणि तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या ग्रंथात हेच तपासलं होतं. क्रियापद शेवटी येणं, ‘-ऊन’ सारखी धातुसाधितं, प्रयोजक रूपं, जोडक्रियापदं ही लक्षणं नकाशावर मांडत ते दक्षिण आशियातून निघाले आणि मध्य आशियामार्गे कोरिया-जपानपर्यंत पोहोचले. हे रक्ताचं नातं नाही, शेजारधर्माचा लांब पट्टा आहे. तोक्यो परिसरातल्या राष्ट्रीय जपानी भाषा आणि भाषाशास्त्र संस्थेतले प्रशांत परदेशी यांनी तर जपानी आणि मराठी समोरासमोर ठेवूनच काम केलं आहे. कांजींचा डोंगर खराच आहे, त्याला पळवाट नाही. मात्र त्याआधीची कानालिपीची वर्णमाला पाहा. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम संस्कृत वर्णव्यवस्थेतून, बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिकडे गेला. पहिलीतल्या मुलाला तो न शिकवता कळेल.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. आता जपानी विद्यापीठांत इंग्रजीतून अभ्यासक्रम आहेत, मग हा खटाटोप कशाला? २००९ मध्ये तेरा विद्यापीठं निवडून इंग्रजीतल्या पदव्यांची योजना सुरू झाली आणि ती पुढे वाढत गेली, हे खरं आहे. पण इंग्रजी वर्गाच्या दारापर्यंत असते. वसतिगृहाच्या सूचना, भूकंपाच्या सरावाचा भोंगा, दवाखान्यातला फॉर्म, मोबाइलचा करार हे सगळं जपानीत. सहा महिन्यांच्या आतल्या परदेशी माणसाला परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरतात, त्यामुळे बँक पूर्ण सोयीचं खातं द्यायला कचरते. मोबाइलला खातं लागतं आणि खात्याला मोबाइल. हा तिढा खिडकीवर उभं राहून, वाकून, विनंतीच्या सुरात सोडवावा लागतो. इंग्रजीत राहिलेला विद्यार्थी परदेशी विद्यार्थ्यांच्याच घोळक्यात सत्र काढतो. विद्यार्थी मंडळं, म्हणजे तिकडची ‘साकुरु’, आणि प्राध्यापकाभोवती जमणारा छोटा अभ्यासगट, ज्याला ते ‘झेमि’ म्हणतात, दोन्ही त्याला बंद राहतात. इथे धोंडो केशव कर्वे आठवतात. तोक्योतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तिथे उच्च शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं. जपानचा धडा त्यांनी नेमका उचलला होता. जपानला जाऊन इंग्रजीत शिकणं म्हणजे तो धडा उलटा वाचणं.

चार-पाच महिन्यांत भाषा कशी येणार, असंही विचारतात. तिथे जाऊन नाहीच येणार, ती इथूनच थोडी न्यायला हवी. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या जुन्या चौथ्या पातळीला, जिच्या तोलाची आज एन-५ आहे, सुमारे १०० कांजी, ८०० शब्द आणि दीडशे तासांचा अभ्यास अपेक्षित धरत. रोज एक तास म्हटलं तर पाच महिने. एवढ्यावर ग्रंथ वाचता येणार नाहीत, पण खिडकीवर बोलता येईल, कचऱ्याचा तक्ता उलगडेल आणि संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये निम्म्या किमतीची चिठ्ठी डब्यावर कधी लागते हे विचारता येईल. विद्यार्थ्याच्या अर्थशास्त्रात शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही.

पैशाचा आक्षेप सर्वांत जड. करारातून होणाऱ्या विद्यार्थी-अदलाबदलीत शुल्क आपल्याच विद्यापीठात भरायचं असतं आणि निवड झाली तर जपानच्या विद्यार्थी सेवा संस्थेकडून महिन्याला ८०,००० येन मिळू शकतात. उरलेला भार ‘आरुबाइतो’वर, म्हणजे फावल्या वेळच्या कामावर. त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि मर्यादा आठवड्याला २८ तासांची. विद्यापीठाच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. २०२४ च्या ऑक्टोबरात तोक्योचं किमान वेतन तासाला १,१६३ येन झालं. पूर्ण २८ तास भरले तर चार आठवड्यांचे १,३०,२५६ येन होतात. कागदावर हा आकडा मोहक आहे. मात्र २८ तास काम करणारा विद्यार्थी सकाळच्या तासाला झोपतो, आणि एका सत्राच्या मुलाने तेवढं काम धरूच नये असं मला वाटतं. दहा-बारा तास पुरेत. त्या दहा-बारा तासांतही भाषेचा हिशेब चालू असतो. जपानी न येणाऱ्याला भांडी घासायला मागच्या खोलीत ठेवतात. थोडी येत असेल तर तो गल्ल्यावर उभा राहतो आणि मजुरी घेत घेत आदरार्थी बोलायला शिकतो. तू, तुम्ही, आपण यांतलं अंतर ज्याला घरात शिकवलेलं असतं, त्याला गिऱ्हाईक आणि मालक यांच्यासाठी क्रियापद बदलावं लागतं याचं नवल वाटत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी मुलाचे हाल होतात, कारण साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. पण बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे, तिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही वेळा भात खाणाऱ्याला विजेचं भातपात्र आणि सामायिक स्वयंपाकघर एवढं पुरतं. जपानी तांदूळ चिकट असतो, ही तक्रार मात्र राहतेच.

मग अडतं कुठे? मराठी मनातला जपान दोन वाटांनी आला. एक पुण्याची. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने तिथल्या वाचकाला जपानची ओढ लावली, ओकायामाच्या बागेवरून बेतलेल्या उद्यानाला त्यांचंच नाव मिळालं, आणि भाषावर्ग, कंपन्या, अनुवादाची कामं यांनी त्या ओढीला पोटापाण्याचा आधार दिला. दुसरी वाट विदर्भाची, आणि ती भिक्षूंची आहे. निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्या संघाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. नागपुरात भदंत सुरई ससाई यांनी आयुष्य घातलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानी देणगीतून उभं राहिलं. २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला. म्हणजे पूर्व विदर्भाला जपान परका नाही. उणीव एवढीच की या ओळखीतून श्रद्धा उगवली, भाषावर्ग उगवला नाही.

बालाघाट तर या दोन्ही वाटांच्या कडेला राहिलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळात राजधानी नागपूर होती. १९५६ च्या पुनर्रचनेत जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, कार्यालयं जबलपूर-भोपाळकडे वळली आणि मराठी घरातलं बोलणं होऊन राहिली. भरवेलीच्या मँगनीज खाणीचं मुख्य कार्यालय मात्र आजही नागपुरातच आहे. माणसं आणि माल जुन्याच वाटेने जातात, शिक्षणाच्या योजना नव्या राजधानीकडून येतात. घरी पोवारी किंवा मराठी, शाळेत हिंदी, स्पर्धा परीक्षेला इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या मुलाला चौथी भाषा जड जाईल, हे गृहीत धरणारा माणूस बहुधा एकाच भाषेत वाढलेला असतो. अर्थात या मुलालाही शिक्षक हवा, आणि जालावरच्या वर्गांमुळे तो आता मिळूही शकतो. प्रावीण्य परीक्षेचं एक केंद्र पुण्यात आहे, आणि गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, मनमाड, दौंड करत पुण्यावरूनच कोल्हापूरला जाते. परीक्षा वर्षातून दोनदा असते, जुलैत आणि डिसेंबरात, पहिल्या रविवारी. जुलैचा रविवार ऐन रोवणीत येतो. डिसेंबरपर्यंत धान कापून झालेलं असतं, तो बरा.