चौकातून कागदावर : वारली चित्रकला, जुनी आणि नवी

गोखिवऱ्याहून तुंगारेश्वरच्या डोंगराकडे पाहिले की पलीकडे पाडे लागतात, आणि तिथून उत्तरेला डहाणू-तलासरीपर्यंत वारली समाजाची वस्ती पसरलेली आहे. त्यांची चित्रे आज चहाच्या कपावर आणि साडीच्या पदरावरही दिसतात. पण ही चित्रे मुळात शोभेसाठी नव्हतीच.

कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीने लिंपायची, तिच्यावर गेरू फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या कालवणात बांबूची चेचलेली काडी बुडवून रेघ ओढायची. साहित्य म्हणाल तर एवढेच. लग्नघरी सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत. होय, काढीत नव्हे, लिहीत! चौकात पालघट देवी बसते. धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र विधीचाच एक भाग आहे. कार्य झाले, की त्याचे काम संपले. ते जपून ठेवावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही कला बाहेरच्या जगापुढे आणली. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे लग्नकार्य नसतानाही चित्रे काढीत. कागद आणि कापड हाती येताच त्यांची रेघ चौकाबाहेर पडली. भातलावणी, मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारप्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, सारे चित्रात आले. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते निवर्तले.

असे स्थित्यंतर आपल्याकडेच झाले असे नाही. दूर मंगोलियात बौद्ध मठांसाठी ठरीव मापांत देवदेवतांचे पट रंगवीत. तिथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी शराव नावाच्या चित्रकाराने एकाच पटावर गुरे राखणारी, लोकरीचा नमदा करणारी साधी माणसे दाटीने रंगवली. देवाच्या चित्रातून रोजच्या जगण्याच्या चित्राकडे, ही वाट दोन्हीकडे सारखीच दिसते.

मग नव्याने जुने बिघडवले काय? नीट पाहिले तर हिशेब दोन्ही बाजूंचा आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस उभा करण्याची रीत टिकली, कलावंताला नाव मिळाले, चार पैसेही मिळू लागले. मात्र चौक लिहिणाऱ्या सुवासिनींचे नाव कोठेच आले नाही, आणि बाजारात पुरुषांचा हात पुढे राहिला. शिवाय छापील नकलांत तो वर्तुळाकार नाच उरतो, पण तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नसते, हा नाचाचा दंडक पुष्कळदा हरवतो.

वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच नकलांना आवर बसावा म्हणून. पण कायदा भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर आपल्याला एक गोष्ट सहज करता येईल. चित्र विकत घेताना, ते कोणी काढले आणि कोणत्या पाड्यावर, एवढे विचारा. उत्तर मिळाले तर ते नाव चित्रामागे लिहून ठेवा. चौक लिहिणाऱ्या बायांच्या बाबतीत जे राहून गेले, ते निदान यापुढे राहू नये.